तीन कोटेशनं

सोमवारपर्यंत तक्ता हवा, हातिमभाई म्हणाले,
एका बाजूला पैसे, एका बाजूला पॅलेट,
मधलं काय ते तुम्ही बघा.
मधलं मी सतरा वर्षं बघतेय.

शिवडीचं हे गोदाम मुळात कापसाचं.
तुळईच्या खाचेत अजून सापडतं पांढरं तूस.
आता इथं सलाइन, ग्लुकोज, जुलाबावरच्या पावडरीची पाकिटं,
म्हणजे मरायची तारीख
अंगावर छापून येणारा माल.

पहिलं कोटेशन साध्या रॅकचं.
सहाशे चाळीस पॅलेट.
प्रत्येकाला तोंड, प्रत्येकाला थेट हात पोचतो,
पण बोळ सोडायचे तीन-तीन मीटर रुंद,
म्हणजे अर्धं भाडं हवेचं.
मुंबईत. हवेचं.

दुसऱ्यात अकराशे.
फोर्कलिफ्ट सरळ रॅकच्या पोटात शिरते,
बोळबिळ नाही, पाठीला पोट लावून माल.
शेवटी आलेला आधी बाहेर.
आणि सगळ्यात आधी आला होता तो?
तो भिंतीशी.

मी ओळखते त्याला.
सहा वर्षांपूर्वी मार्चच्या मोजणीत
भिंतीशी बेचाळीस खोके निघाले पावडरीचे,
कोरडे, नीटनेटके, पट्टीसुद्धा न तुटलेली,
तारीख उलटून पाच महिने.
नाश-पत्रकात कारणाचा रकाना असतो,
मी लिहिलं, दृष्टीआड.
ऑडिटरनं ते खोडून केलं, व्यवस्थात्मक त्रुटी.
आदल्या जुलैत मानखुर्दच्या दवाखान्यातून फोन आला होता,
आणि मीच सांगितलं होतं,
माल शिल्लक नाही.

तिसरं कोटेशन घेऊन निषाद कारखानीस आला,
पुण्याहून, नव्या कोऱ्या सेफ्टी बुटांत.
बारा मीटर उंच, दोन हजार पॅलेट,
क्रेन आपली आपण जाते, शोधते, आणते.
स्क्रीनवर निळे ठोकळे वरखाली सरकत होते.
आत माणूस जातच नाही, मॅडम,
दिवासुद्धा लावायला नको.
हे तो इतक्या आनंदानं म्हणाला
की मला त्याचा रागही धड येईना.

दारात रखमाजी मेंगडे उभा होता,
माथाडी टोळीचा मुकादम, मे महिन्यात सुटणारा.
म्हणाला, जमिनीला विचारलंत का?

आणि चहाच्या टपरीवरचा पाण्याचा ग्लास
त्यानं फरशीवर ओतला.

पाणी थोडं थांबलं.
मग खांब नंबर आठला वळसा घालून
पूर्वेच्या भिंतीकडे निघालं, खाडीकडे,
घरी जाणाऱ्या माणसासारखं, न विचारता.

भरावाची आहे, रखमाजी म्हणाला.
मोठ्या भरतीला घाम येतो हिला.
आठ नंबरपाशी गाठी कलायच्या,
आम्ही तिथं दोन थर कमीच लावायचो.
कुठं लिहिलंय हे? निषादनं विचारलं.
रखमाजीनं मानेला हात लावला,
बहुधा घाम पुसायला.

पेटीतून लेझर निघालं.
लाल रेघ भिंतीभर फिरली.
अठरा मिलिमीटर.
क्रेनला किती चालतात?
तीन, निषाद हळूच म्हणाला.
नवी फरशी घातली तर, असंही म्हणाला.
हातिमभाईंनी वर छताकडे पाहिलं.
जागा भाड्याची.

सोमवारी मी तक्ता दिला.
साधा रॅक, चार थर, आठ नंबरपाशी तीनच.
पावडरीसाठी उताराच्या रुळांच्या दोन रांगा,
मागून घाला, पुढून काढा,
जुनं आपोआप पुढं घरंगळतं.
एकूण सहाशे दहा.
दोन हजार कुठं आणि हे कुठं, हातिमभाई म्हणाले.
हो, मी म्हटलं.
त्यांनी चष्मा काढला, घातला,
सही केली, पेन मात्र माझंच नेलं.

रखमाजीला रुळांचं चित्र दाखवलं.
डोक्यावरची चुंबळ उलगडून
तो बसल्या बसल्या फरशी पुसत होता,
रोज पुसतो, सवय.
बराच वेळ चित्राकडे बघून म्हणाला,
म्हणजे उतार मुद्दाम देतात? पैसे घेऊन?
मग हिलाच का बोल लावता, बाई.